आबाजी कोतवालाची वर्दी

नीरेला पूर आला त्याच्या आदल्या दिवशी खोरवडीत लख्ख ऊन पडलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यातलं बरंचसं त्या उन्हानं केलं.

मी मूळचा शेळगावचा. खोरवडी हे इंदापूर तालुक्यातलं नीराकाठचं गाव, तिथल्या प्राथमिक शाळेत मी सात वर्षं मास्तर होतो. गाव उंचावर, पण बागायतदारांची घरं गावात नव्हती. नदीच्या काठानं चार किलोमीटर मळईची काळी जमीन, तिच्यात ऊस, आणि उसाच्या मधोमध ज्याची त्याची वस्ती. अशा सात वस्त्या. गावाच्या दुसऱ्या अंगाला मुरमाड टेकाड, त्यावर बौद्धवस्ती. जिथं कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं ती जागा त्यांच्या वाट्याला आली होती. पुराचं पाणी तेवढं तिथं पोचत नसे.

त्या वस्तीत आबाजी लोंढे राहायचे. गावचे कोतवाल. तलाठ्याच्या हाताखालचं ते सगळ्यात शेवटचं सरकारी पद. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, साहेब आला की दप्तरं उचलायची. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते पन्नाशीला आले होते. उंच, वाळकुडे, बोलणं मोजकं. दवंडी द्यायला त्यांनी हलगी कधी वापरली नाही. खिशात पोलिसाची असते तशी शिट्टी असायची, ती वाजवून माणसं गोळा करायची आणि काय सांगायचं ते एकदाच सांगायचं.

त्यांचे वडील सोनबा हे गावचे येसकर होते, वेस राखायचं वतनी काम. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि येसकराची घुंगराची काठी नीरेत सोडून दिली. दवंडी बंद, मेलेली ढोरं ओढणं बंद. गावानं दोन वर्षं त्यांना कामाला बोलावलं नाही, दुकानदारानं मीठ दिलं नाही. सोनबा मागं हटले नाहीत. पुढं बाहत्तरच्या दुष्काळानंतर आबाजींना कोतवालाची जागा मिळाली, तेव्हा म्हातारा म्हणाला, "मी नदीत टाकलेली काठी तू भाईर काढलीस."

"ही काठी न्हाय दादा, नेमनूक हाय. हिच्यावर शिक्का हाय," आबाजी म्हणाले.

सोनबांना ते पटलं नाही. बापलेक बाकी सगळं बोलायचे, त्या नोकरीविषयी मरेपर्यंत बोलले नाहीत.

पूर आला तो किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात. दुपारी एकच्या सुमाराला सोसायटीच्या ऑफिसातला फोन वाजला. तालुक्याहून निरोप होता: वरच्या धरणातून पाणी सोडलंय, खाली भीमा भरून चाललीय, नीरेचं पाणी तुंबणार. मध्यरात्रीपर्यंत येईल, काठच्या वस्त्या हलवा. तलाठ्याकडं तीन गावं, ते त्या दिवशी दुसरीकडं. आबाजींनी सायकल काढली.

शाळेच्या फाटकाशी ते थांबले. "गुरुजी, नदीला पानी सोडलंय. मळईतली पोरं सांच्याला घरी सोडू नगा. हितंच ठिवा, आई-बाप हिकडं येतील."

मी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. मी बरं म्हणालो, आणि चार वाजता नेहमीसारखी घंटा देऊन पोरं सोडली.

मला एकट्याला बोल लावावा असंही नाही. मागच्या दोन पावसाळ्यांत तीन वेळा अशी वर्दी आली होती आणि तिन्ही वेळा नदी गुडघाभर चढून उतरली होती. लोक सामानसुमान घेऊन गावाशेजारच्या मोकळ्या टेकावर गेले, उघड्यावर बसून राहिले आणि सकाळी शिव्या देत परतले. त्या शिव्या धरणाला कशाला लागतील? लागल्या त्या आबाजींनाच.

सात वस्त्यांतली शेवटची आणि नदीला सगळ्यात जवळची वस्ती आप्पासाहेबांची. मोठे ऊसवाले. घर सिमेंटचं, वर स्लॅब. गोठा मात्र जुना, मातीच्या भिंतींचा, वर पत्रा. चौदा जनावरं. मुलगा भवानीनगरच्या कारखान्यात कामाला, त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. घरात आप्पासाहेब, त्यांच्या पत्नी लीलाबाई, सून स्वरूपा आणि वर्षाचा नातू यशराज.

आबाजी पोचले तेव्हा आप्पासाहेब जेवून ओसरीवर आडवे झाले होते. लीलाबाई गोठ्यात शेण काढत होत्या. वर्दी ऐकून त्या हात न धुता पुढं आल्या.

"किती टायमाला येनार पानी?"

"मध्यान रातीपत्तूर म्हनत्यात, वैनी. पर त्याच्या आगुदर बी यील. जनावरं सोडून टेकावर घ्या."

आप्पासाहेब उठून बसले. "आबाळ बघ की जरा. ढग तरी दिसतोय का कुठं? गेल्या साली बी आला हुतास. समदी दावन टेकावर न्हेली, आन् पानी बांधालाबी लागलं न्हाय. त्या धावपळीत दोन गाई आटल्या माझ्या."

"पाऊस हितं न्हाय आप्पा, वर झालाय. धरनाचं पानी हाय ह्ये."

"कोतवालानं वर्दी द्यावी आन् जावं. शेतकऱ्याला नदी शिकवू ने."

आबाजी क्षणभर उभे राहिले. लीलाबाई एकदा नवऱ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होत्या. "मी बघते," त्या हळूच म्हणाल्या. आबाजींनी सायकल वळवली.

हे सगळं मला आबाजींनी नंतर सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी ते सायकल वळवण्याशी येऊन थांबायचे.

दिवस मावळेपर्यंत नदी वीतभर चढली होती. दोन वस्त्यांवरची माणसं टेकावर गेली होती, तीही धारेच्या वेळेला जनावरं घेऊन परत गेली. तांबडं फुटायच्या सुमाराला पाणी आलं. सगळ्यांची नजर नदीकडं, आणि पाणी आलं मागून, ओढ्यातून. तुंबलेली नदी ओढ्यात शिरली, ओढा उलटा वाहू लागला आणि वस्त्यांहून गावाकडं येणारी वाट पहिल्यांदा बुडाली. मग दोन्हीकडून उसातून पाणी सरकत आलं. उसातल्या पाण्याचा आवाज होत नाही. ते दारात आल्यावरच कळतं.

लीलाबाईंनी सुनेला आणि नातवाला स्लॅबवर चढवलं आणि त्या गोठ्यात गेल्या. आप्पासाहेबांच्या दावणीला सगळ्या लोखंडी साखळ्या होत्या. बुजलेलं जनावर मागं ओढतं, साखळी ताठ होते आणि मग तिचा आकडा निघत नाही. लीलाबाईंनी तीन जनावरं सोडली. चौथ्याच्या गळ्याशी हात असताना भिजलेली भिंत बसली आणि वरचा पत्रा खाली आला. आप्पासाहेब जिन्याच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हाका मारत राहिले. दुसऱ्या दिवशी लीलाबाई खालच्या गावाच्या उसात सापडल्या.

शाळेतली पोरं सगळी वाचली. कोणी स्लॅबवर होतं, कोणी झाडावर. दोघं भाऊ सकाळभर लिंबावर बसून होते. ती पोरं मी हजेरी घेताना "हजर" म्हणत, तेव्हा बरेच दिवस मला वर बघवत नव्हतं.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. मळईत त्रेचाळीस जनावरं मरून पडली होती. काही दावणीला तशीच, काही उसात अडकलेली. ऊन परत लख्ख पडलं आणि वास गावात यायला लागला. विहिरींत पुराचं सडकं पाणी. पोरांना जुलाब सुरू झाले. ढोरं उचलायची कोणी हा प्रश्न गावानं तोंडानं विचारला नाही, पण सगळे मनातल्या मनात एकाच दिशेला बघत होते.

सरपंच तात्याबा बौद्धवस्तीवर आले. तात्याबा तसे वाईट माणूस नव्हते. दोन रात्री झोपलेले नव्हते.

"आबाजी, चार गडी काढ वस्तीतलं. ढोरं वडून लांब टाकाय पायजेत. रोगराई यील न्हायतर."

आबाजींच्या दारात वस्तीतली माणसं जमली होती. आबाजी म्हणाले, "तात्या, ते काम आमच्या बापानं छप्पन साली सोडलं. ते आता कुनाला लावू नगा."

"आरं, येळ काय, तू बोलतूस काय!"

"येळ म्हनूनच बोलतोय. मी सरकारी मानूस हाय. खड्ड्याला जागा दावतो. विहिरीपास्नं लांब, वरच्या अंगाला, पुरुसभर खोल. चुना आमी आनतो, पसरतो बी आमीच. पर दोर ज्याच्या त्यानं धरायचा. जनावर तुमचं, दूध तुमी प्यालासा."

तात्याबा पाठ फिरवून गेले. एक दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला ट्रॅक्टर मळईत उतरला. जन्मात ज्यांनी मेल्या जनावराला हात लावला नव्हता त्यांनी तोंडाला उपरणी बांधून स्वतःच्या गाईंच्या पायाला दोर लावले. कोणी ओकत होतं. एक म्हातारा बैलाच्या शिंगाला धरून लहान पोरासारखा रडला. खड्ड्याच्या काठावर बौद्धवस्तीतले दहाबारा जण चुन्याच्या पाट्या घेऊन उभे होते. एक थर जनावरं, एक थर चुना, वर माती. सांजेपर्यंत काम झालं. शेवटी शेवटी दोर आणि पाट्या कोणाच्या हातात कोणत्या, ते राहिलं नव्हतं.

पण गाव हे विसरलं नाही. "आबाजीनं आडवून धरलं" असा शब्द उठला तो उठला.

आठवड्यानं तालुक्याचे साहेब आले. पंचनामे आणि चौकशी माझ्याच वर्गात झाली. मृत्यू झाला होता, त्यामुळं वस्त्यांना वर्दी मिळाली होती का, हे लिहून न्यायचं होतं. सहा वस्त्यांनी सांगितलं, मिळाली. काहींनी आढेवेढे घेत सांगितलं, पण सांगितलं. आप्पासाहेब शेवटी आले. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही.

"कोतवाल आला होता का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

आप्पासाहेब जमिनीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय. कुनी आलं न्हाय."

आबाजी दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त साहेबांशेजारी बसलेल्या तात्याबांकडं पाहिलं. तात्याबा खिडकीतून बाहेर बघत होते.

साहेबांनी मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही पाहिलं होतं का?"

"त्यांना नदीकडं जाताना पाहिलं, साहेब."

"यांच्या दारात गेलेलं पाहिलं का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. शाळेतून ती वस्ती दिसत नव्हती. साहेबांनी 'नाही' लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

महिन्यात आबाजी निलंबित झाले. वर्षाच्या आत कामावरून काढलं. गावाचा भार सहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या कोतवालाकडं गेला.

पुराच्या त्याच साली, दिवाळीच्या आधी एका दुपारी स्वरूपा मुलाला कडेवर घेऊन टेकाडावर आली. आबाजींच्या पत्नी शालन तेव्हा दारात धान्य पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं. स्वरूपा तांब्या तोंडाला लावून गटागटा प्याली, मग आबाजींसमोर भिंतीशी बसली. हे मला शालनबाईंनी सांगितलं.

"मी घरात हुते तवा," स्वरूपा म्हणाली. "समदं ऐकलं मी. तुमी काय म्हनला, मामंजी काय म्हनलं, आत्याबाई काय म्हनल्या. तुमी सांगाल तितं येऊन सांगते."

आबाजी म्हणाले, "सांगितलंस तर माझी नोकरी माघारी यील. पर तुला त्या घरात ऱ्हायचं हाय, पोरी. सासऱ्याला खोटं पाडून कशी ऱ्हाशील?"

स्वरूपाला रडू फुटलं. आबाजींनी तिला बांधापर्यंत सोडलं. ती गेल्यावर शालनबाई कडाडल्या, "आवं, तुमचं मन मोठं. चूल पेटायची कशी ते कुनी बगायचं?"

चूल पेटावी म्हणून आबाजी त्याच हिवाळ्यात भिगवणला गेले. मासळीच्या आडतीवर बर्फ फोडायचं काम. पहाटेपासून गार पाण्यात उभं राहायचं. दोन महिन्यांत त्यांना खोकला लागला तो गेला नाही. त्यांची मुलगी मेघना बारामतीला एका दवाखान्यात नर्स होती. ती म्हणायची, "दादा, इकडं माझ्याकडं या. त्या गावाचं काय देणं लागता तुम्ही?" आबाजी एकदा गेले, महिनाभर राहिले. मृग लागला तसे परत आले.

त्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते एका संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"गुरुजी, एक कोरी वही द्या. आन् अंगठ्याच्या शाईची डबी असंल शाळंत तर ती बी."

"कशाला?"

"वर्दी दिली हे खरं हाय. पर ती बजावली न्हाय मी. आप्पा तसं बोलल्यावर मला राग आला. माझ्या बापानं ज्यापायी काठी टाकली तेच माझ्या तोंडावर मारलं, आसं वाटलं. मी सायकल वळवली. तितं उबा ऱ्हायला पायजे हुतं. वैनीला घिऊन जनावरं सोडाय पायजे हुती. शिव्या खाऊन." ते खोकले. "आता कुनाच्या बी दारातनं अंगठा घेतल्याबिगर हलनार न्हाय."

मी गेल्या वर्षी चार वाजता दिलेल्या घंटेविषयी तेव्हा बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "मला म्हाईत हाय," एवढंच म्हणाले.

मग आम्ही दोघं वस्त्या फिरलो. रविवारी आणि शाळा सुटल्यावर. ज्याला कामावरून काढलंय असा कोतवाल आणि त्याच्यामागं वही घेतलेला मास्तर, लोक हसायचे. एकानं विचारलं, "आबाजी, हे कुठल्या हुकमानं?" आबाजी म्हणाले, "माझ्याच." घरात माणसं किती, चालता न येणारं कोण, दिवस गेलेली बाई आहे का, जनावरं किती, त्यांना टेकाकडं कोण नेणार, हे सगळं मी लिहीत गेलो. ओढ्याच्या वाटेवर त्यांनी एक धोंडा पुरला आणि चुन्यानं पांढरा केला. "ह्या धोंड्याला पानी टेकलं की गावाची वाट गेली समजा. नदीकडं बगत बसू नगा, ह्याच्याकडं बगा."

आणि साखळ्या. घरोघर ते एकच सांगत, की पावसाळ्याचे चार महिने लोखंडी साखळी काढा, कासरा बांधा, आणि गाठ मारायची ती सुरगाठ, निरगाठ नाही. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. पुरुष मान हलवून सोडून देत. मग आबाजी बायकांकडं वळले. गोठ्यात जाऊन स्वतः गाठ मारून दाखवायचे, अंधारात डोळे मिटून सोडून दाखवायचे. मला म्हणाले, "गुरुजी, पुरात जनावर बाया सोडत्यात. गडी नुसता वरडतोय."

आप्पासाहेबांच्या वस्तीवर मात्र त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. आप्पासाहेब त्यांना बघून घरात निघून जायचे. शेजारच्या वस्तीवरच्या बनाबाईंनी ती गाठ स्वरूपाला दाखवली, असं मला नंतर कळलं.

तीन पावसाळे असे गेले. पुन्हा श्रावणात फोन वाजला, या वेळी सकाळी दहाला. ज्याच्याकडं गावाचा भार होता तो कोतवाल आला नाही, त्याच्याच गावात पाणी शिरायच्या बेतात होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं न विचारता आबाजींकडं माणूस धाडला. आभाळ या वेळीही तसं कोरडंच होतं. आबाजींनी शिट्टी घेतली, वही घेतली. सायकल चढावर हातात धरून चालवावी लागत होती, एवढा दम लागायचा. मी मळईतली पोरं वर्गात बसवली आणि दाराला कडी घातली.

आबाजी पहिल्यांदा शेवटच्या वस्तीवर गेले. आप्पासाहेब ओसरीवर होते. ते उठून आत जाऊ लागले.

"आप्पा, आत जाऊ नगा. पानी सोडलंय. आज मी ऐकनार न्हाय. तुमी उठल्याबिगर मी हितनं हलनार न्हाय."

आप्पासाहेब पाठमोरे थांबले. आबाजी अंगणात उभे. मधूनच खोकत होते. मग आप्पासाहेब वळले आणि त्यांनी हात पुढं केला. "वही आन."

आबाजींनी वही दिली, शाईची डबी दिली. आप्पासाहेबांनी डबी बाजूला ठेवली. खिशातलं पेन काढून तारीख घातली, वेळ घातली, वर्दी मिळाली असं लिहिलं. आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'लीला गेली त्या साली पण आबाजी वर्दी द्यायला आला होता. मीच ऐकलं नाही.' सही केली.

"सूनबाई, दावन सोड," ते आत बघून म्हणाले.

स्वरूपानं सगळी जनावरं बघता बघता सोडली. एकही साखळी नव्हती. आप्पासाहेबांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं.

पुढच्या सहा वस्त्यांवर वेळ लागला नाही. वहीत ज्या म्हाताऱ्यापुढं ज्याचं नाव लिहिलं होतं त्यानं त्या म्हाताऱ्याला उचललं. शाळा अपुरी पडली तेव्हा शालनबाईंनी विहाराचं दार उघडलं. साठएक माणसं त्या हॉलमध्ये बसली. पहिल्या पुराला तिकडं कोणी गेलं नव्हतं. बौद्धवस्तीतल्या चुलींवर पिठलं शिजलं आणि सगळ्यांनी ते खाल्लं. दुपार कलता कलता पांढरा धोंडा बुडाला.

पाणी मागच्या पुरापेक्षा हातभर जास्त चढलं. माणूस एकही गेलं नाही. दोन वासरं आणि कोंबड्या गेल्या, तेवढंच. पण पाणी उतरल्यावर जे दिसलं ते बघवत नव्हतं. तोडणीला आलेला ऊस गाळात झोपला होता. मळईची काळी माती नदी खरवडून घेऊन गेली होती, खाली पांढरी वाळू उघडी पडली होती. विहिरी गाळानं भरल्या, पंप गेले. आप्पासाहेबांचं घर एका कोपऱ्यात खचलं. जिवंत माणसं आपापल्या रानाच्या बांधावर उभी होती आणि कोणाला काही सुचत नव्हतं. तात्याबा म्हणाले, "वाचलो म्हनायचं, दुसरं काय." पुढच्या दोन वर्षांत मळईतली तीन कुटुंबं गाव सोडून गेली.

आप्पासाहेबांनी लिहिलेलं पान घेऊन मी स्वतः इंदापूरच्या तहसील कचेरीत गेलो. सोबत माझाही अर्ज जोडला, शाळेच्या फाटकाशी त्यांनी मला दिलेली वर्दी मागच्या जबाबात सांगायची राहिली होती, ती लिहून. तिथल्या माणसानं दोन्ही कागद वाचले, शिक्का मारून ठेवून घेतले. उत्तर मार्गशीर्षात आलं. आबाजी तेव्हा अंथरुणावर होते. मी पाकीट फोडून वाचायला लागलो तसा त्यांनी हात पुढं केला.

"द्या हिकडं. वाचता येतंय मला."

अपिलाची मुदत संपून तीन वर्षं झाली होती आणि खोरवडीची जागा भरण्याची कार्यवाही सुरू होती, असं त्यात होतं. आबाजींनी ते दोनदा वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं.

"आप्पांचं पान त्यांनी ठिवून घेतलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग वहीत आता ते न्हाय."

"नाही."

ते भिंतीकडं वळून झोपले. मला वाटलं होतं, निदान चिडतील.

माघात ते गेले. मेघना बारामतीहून आली होती, शेवटचे आठ दिवस तिनंच सगळं केलं. छातीत पाणी झालं होतं. आप्पासाहेब मातीला आले, मुलगाही आला. दोघं मागं उभे होते. वंदना चालू असताना आप्पासाहेबांनी टोपी काढून हातात धरली.

मेघनानं आईला बारामतीला नेलं. जाताना शालनबाई मला म्हणाल्या, "लोक म्हनत्यात त्यांनी गाव वाचिवलं. वाचिवलं आसंल. मला तेवढी त्यांची छाती परत मिळाली आसती तर बरं झालं आसतं."

जूनमध्ये माझी बदली झाली. वही मी ग्रामपंचायतीत दिली आणि पोच घेतली.

पुढच्या आषाढात काही कामानं खोरवडीला जाणं झालं. मळईत आणखी चार नवी घरं उभी राहिली होती, त्यातलं एक ओढ्याच्या अगदी तोंडाला. ग्रामपंचायतीत नवा कोतवाल बसला होता. जोतीराम नाव, पंचविशीचा, मनमिळाऊ पोरगा. मी वहीबद्दल विचारलं. त्यानं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून शोधून काढली. शेवटची नोंद माझ्याच हातची होती.

"हे आता बदललं असणार," मी म्हणालो. "नवी घरं झालीत. कोणी वारलं असेल, कोणाला मूलबाळ झालं असेल. एकदा सगळ्या वस्त्या फिरून ये."

"व्हय गुरुजी," तो वही परत ठेवत म्हणाला. "जातो की. सध्या लई चिखूल हाय तिकडं. पावसाळा उरकला की जाऊन येतो."